दोन युरोचं नाणं

परवा पुण्याहून मावसभावाचा फोन आला. नवी फोर बाय फोर घेतलीय आणि जानेवारीत मित्रांबरोबर मनालीला, तिथून अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला जायचंय. "ताई, बर्फ पडला की पोलीस फोर बाय फोर किंवा टायरला चेन लावलेल्या गाड्याच वर सोडतात. म्हणजे आपल्याला टेन्शनच नाही." मी विचारलं, टायर कुठले आहेत? तो म्हणाला, "कंपनीचेच. एकदम जाडजूड आहेत गं."

सात वर्षांपूर्वी मीही अगदी असंच बोलत होते. त्याला फोनवर अर्धा तास सांगितलं, तरी बरंच राहून गेलं. ते सगळं इथे लिहिते आहे.

मी मूळची वाईची, नर्स आहे. २०१६ पासून जर्मनीच्या दक्षिण टोकाला, आल्गॉय भागात राहते. झोंटहोफेन गावाच्या वरच्या अंगाला एका शेतकऱ्याच्या घराचा माडीवरचा मजला मी भाड्याने घेतलाय. खाली गोठा, मागे सूचिपर्णी झाडांची राई, समोर आल्प्स. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत सहाशे मीटरचा सलग उतार आहे. सकाळची ड्यूटी सहाला सुरू होते आणि त्या वेळी बस नसते. पहिले दोन हिवाळे मी एका सहकारी बाईंच्या गाडीतून गेले. त्यांची बदली झाली, तेव्हा २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मी स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया घेतली. आपल्याकडे शेंद्र्याच्या कारखान्यात तयार व्हायची तीच गाडी, फक्त फोर बाय फोर आणि मागे लांब डिकीवाली. विकणाऱ्याने सांगितलं, टायर हिवाळ्याचेच आहेत, चारही चाकं ओढतात, आता काळजी करू नका. टायरवर 'एम+एस' असा शिक्का होता, म्हणजे चिखल आणि बर्फ. मी तेवढ्यावर विश्वास ठेवला.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला आणि गाडीने मला अगदी जिंकून घेतलं. शेजाऱ्यांची साधी गाडी चढावर चाकं फिरवत तिथेच रुतायची, माझी सरसर वर जायची. ऑक्टाव्हियात एरवी पुढचीच चाकं ओढतात. ती घसरायला लागली की मागच्या आसाजवळचा क्लच क्षणात आवळला जातो आणि मागची चाकंही जोर लावतात. हे आत बसून कळतही नाही. गाडी निघते, चढते, आणि आपल्याला वाटतं की बर्फ आता आपल्याला बाधत नाही. त्या महिन्याभरात मी वेगही वाढवला होता.

डिसेंबरातली एक पहाट, सव्वापाच वाजलेले. रात्री बर्फ काढणारी गाडी येऊन रस्ता खरवडून गेली होती आणि खाली उरलेला पातळ थर गोठून दुधाळ काचेसारखा झाला होता. मी उतरत होते, वेग तीसच्या आसपास असेल. शेवटच्या वळणानंतर ब्रेकवर पाय ठेवला. पेडल पायाखाली थडथडायला लागलं, एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आपलं काम करत होतं, पण गाडीचा वेग तसाच. स्टेअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं तरी गाडी सरळच चालली होती. समोर मोठा रस्ता, आणि डावीकडून गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करणारा टँकर येत होता. तो माझ्या बॉनेटसमोरून गेला, त्याच्या मागच्या लाल दिव्यांचा उजेड माझ्या काचेवर पडला, आणि मग मी अख्खा रस्ता ओलांडून पलीकडच्या बर्फाच्या ढिगात जाऊन थांबले. मला काही झालं नाही, गाडीचा पुढचा बंपर फुटला. हात मात्र इतके कापत होते की किल्ली फिरवता येईना. दोन सेकंदं आधी घसरले असते तर काय झालं असतं, हा विचार अजूनही त्या वळणावर आला की येतो.

संध्याकाळी घरमालक आजोबा टॉर्च घेऊन अंगणात आले. ऐंशीच्या घरातले, आयुष्यभर याच उतारावर ट्रॅक्टर चालवलेला माणूस. बंपरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. गुडघ्यावर बसले, खिशातून दोन युरोचं नाणं काढलं आणि टायरच्या खाचेत उभं घातलं. दोन युरोच्या नाण्याला बाहेरून रुपेरी कडा असते, ती चार मिलिमीटर रुंद आहे. खाच पुरेशी खोल असेल तर ती कडा आत बुडते. माझ्या टायरमध्ये रुपेरी कडा बाहेर राहिलीच, आतलं सोनेरी सुरू होण्याआधी चांगली रेघभर दिसत होती. मग त्यांनी टायरच्या बाजूवर बोट फिरवत 'डॉट' या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे शोधले आणि मला वाचायला लावले. २८०८. म्हणजे २००८ सालचा अठ्ठाविसावा आठवडा. शेवटी अंगठ्याचं नख रबरात दाबून दाखवलं. नख रुतलंच नाही, लाकडावर दाबल्यासारखं वाटलं. "हा टायर तुझ्या इथल्या नोकरीपेक्षाही कितीतरी जुना आहे," ते म्हणाले, आणि नाणं माझ्या हातात ठेवून आत गेले.

कायद्याने त्या टायरांत तेव्हा काही खोट नव्हती. इथे खाचेची किमान खोली १.६ मिलिमीटर लागते, ती होती, शिक्काही होता. पण बर्फासाठी चार मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कामाचा नाही, हे इथली जाणती माणसं कायम सांगतात. शेजारच्या ऑस्ट्रियात तर हिवाळी टायरला चार मिलिमीटरची अटच आहे.

त्या दिवसापासून मी हा विषय नीट समजून घेतला. गाडी पुढे नेताना चार चाकं ओढतात की दोन, याने फरक पडतो. थांबताना मात्र जगातल्या प्रत्येक गाडीला चारच चाकांचे ब्रेक असतात. फोर बाय फोरला पाचवा ब्रेक नसतो. वळतानाही तेच. प्रत्येक टायर जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर रस्त्याला टेकलेला असतो, आणि थांबणं-वळणं त्या चार तळहातांच्या पकडीवर अवलंबून असतं. वर गाडी जड असेल तर थोपवायचं वजनही जास्त. त्यात वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. चारही चाकांच्या जोराने गाडी सहज वेग घेते, म्हणून रस्ता किती निसरडा आहे याची सूचनाच चालवणाऱ्याला मिळत नाही. साध्या गाडीची चाकं निघतानाच फिरतात आणि माणूस सावध होतो. मला ती सूचना पहिल्यांदा मिळाली ती दुधाच्या टँकरसमोर.

आता टायरचं. उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होतं. सात अंशांच्या खाली गेलं की टायर बदला, असा इथला साधा हिशोब. हिवाळी टायरचं मिश्रणच असं असतं की तो थंडीतही मऊ राहतो. दुसरी गोष्ट त्याची नक्षी. जवळून पाहिलंत तर नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा दिसतील. चाक टेकलं की त्या किंचित उघडतात आणि शेकडो कडा बर्फाला धरतात. मोठ्या खाचांमध्ये बर्फ दाबून बसतो, तोही उपयोगी, कारण बर्फाला बर्फच चांगला धरतो. म्हणून टायरमध्ये भरलेला बर्फ मी कधी कोरून काढत बसत नाही.

'एम+एस' हा शिक्का बनवणारा स्वतःच मारतो, त्यासाठी कुठली चाचणी द्यावी लागत नाही. खरी खूण वेगळी: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण. बर्फावरच्या ठरलेल्या चाचणीत उतरल्याशिवाय ती मिळत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत हिवाळी टायर म्हणून फक्त हाच डोंगर चालतो. रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असताना त्याच्याशिवाय सापडलात तर ६० युरो दंड आणि लायसन्सच्या खात्यावर दोषाचा एक गुण. तारखेची सक्ती नाही, पण लोक 'ओ ते ओ' पाळतात, ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर.

मी घेतले ते टायर २०५/५५ आर १६, म्हणजे २०५ मिलिमीटर रुंद आणि १६ इंची रिमचे, गाडीच्या पुस्तिकेत बसणाऱ्या मापांतले अरुंद. गॅरेजवाल्याने १७ इंची रुंद टायर सुचवले होते, दिसायला ते देखणे. पण ताज्या बर्फात अरुंद टायर थर कापून खाली जातो, रुंद टायर वर तरंगू पाहतो, आणि अरुंद स्वस्तही पडतो. चारही एकाच जातीचे घेतले. पुढे नवे, मागे जुने असं करणं कुठल्याच गाडीत बरं नाही. फोर बाय फोरमध्ये तर चाकांच्या घेरातल्या फरकाने मागच्या आसाजवळच्या त्या क्लचवर सतत ताण येतो. बसवणावळीसकट चारशे युरोच्या वर गेले, त्या महिन्यात आईला पैसे पाठवायला उशीर झाला. ते टायर सहा हिवाळे चालले, मग खोली चारच्या जवळ आल्यावर बदलले. ते नाणं अजून गाडीत, हँडब्रेकच्या शेजारच्या खणात आहे.

नवे टायर घातल्यावर पहिल्या रविवारी सकाळी मी पोहण्याच्या तलावाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेले आणि तासभर नुसते ब्रेक मारले. वीसवर, तीसवर, वळताना. हे प्रत्येकाने करावं असं मला फार मनापासून वाटतं. एबीएसचं थडथडणं पायाला ओळखीचं झालं की माणूस घाबरून पाय उचलत नाही. गाडी पुढे सरकत असताना स्टेअरिंग थोडं सैल केलं की पुढची चाकं पुन्हा धरतात, हेही मला तिथेच कळलं. घाबरलेला हात नेमका उलट करतो, अजून वळवतो.

माझे काका एसटीत ड्रायव्हर होते, वाई-महाबळेश्वर मार्गावर पसरणी घाट रोजचा. गाडी त्यांनीच शिकवली. "ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेक जपून वापर" हे त्यांचं वाक्य. बर्फात ते तंतोतंत लागू पडतं, फक्त एक भर घालावी लागते: गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकायचा. निसरड्या उतारावर मध्येच खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडला की चाकं ब्रेक मारल्यासारखी अडखळतात आणि घसरतात.

त्याच हिवाळ्यात, २०१९ च्या जानेवारीत, इथे सलग कित्येक दिवस बर्फ कोसळत राहिला. बाल्डरश्वांगला जाणारा रीडबर्ग घाट इथून जवळच आहे. १,४०७ मीटर उंच, १६ टक्के चढ, बारमाही वाहतुकीच्या जर्मन घाटरस्त्यांत सर्वांत उंच. १४ जानेवारीला त्या गावातल्या एका हॉटेलवर हिमस्खलन आलं. कुणाला इजा झाली नाही, पण घाट बंद झाला आणि गाव तुटलं. त्या दिवसांत मी रोज कामावर जात होते, बर्फात रस्त्याची कड दाखवणाऱ्या उंच खांबांच्या आधाराने, पंचविसाच्या वेगाने, पुढच्या गाडीपासून एवढं अंतर ठेवून की मागचे हॉर्न वाजवत. त्याच शेवटच्या वळणावर गाडी दर वेळी हवी तिथे थांबली. पण घाट बंद म्हटल्यावर तो बंदच. तिथे चांगले टायरही काही करू शकत नाहीत. पुढे एकदा फेब्रुवारीत, घाट उघडा आणि ऊन असताना, सावलीतल्या एका वळणावर गोठलेला पट्टा लागला आणि नव्या टायरांवरही गाडी हातभर सरकली. दुपारी उबदार फ्योन वारा सुटतो, बर्फ वितळतो, रात्री तेच पाणी गोठतं. सावलीची वळणं आणि पूल यांच्या आधी वेग कमी करायचा, हे तेव्हापासून मी विसरलेले नाही.

डिकीत स्नो चेन, छोटं फावडं, डोक्याला लावायची बॅटरी, रबरी हातमोजे आणि आईने शिवलेली एक गोधडी असते. गोधडी पांघरायला नाही. चेन चढवताना गुडघे टेकायला. बर्फात गुडघे भिजले की पाच मिनिटांत हात चालेनासे होतात. माझ्या गाडीत चेन पुढच्या चाकांवर चढवायची असते. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत ते दिलेलं असतं, आणि चेन लावून ५० च्या वर जायचं नाही.

मावसभावाला मी टायरच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगितला होता. काल आला. माप २५५/६५ आर १८, खाली 'एम+एस', डोंगर नाही. मोठमोठे ठोकळे, चिखलात ते उत्तम काढतील. चिरा एकही नाही. मनालीसाठी नवे हिवाळी टायर घे असं मी त्याला म्हणणार नाही, पुण्याच्या उन्हात ते मऊ रबर बघता बघता झिजेल. पण त्याच मापाची चेन विकत घे आणि निघायच्या आधी घरी दोनदा चढवून बघ, असं बजावलंय. रविवारी व्हिडिओ कॉल ठरलाय. तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये असेल, मी इथे अंगणात. मावशीला म्हटलंय, त्याला एक जुनी गोधडी काढून दे.