तिसरीनंतर थेट ‘इयर ५’: दुबईतील ब्रिटिश शाळेचे आमचे पहिले वर्ष

पतीची बदली दुबईला झाली तेव्हा आमची मुलगी पुण्यात सीबीएसईच्या शाळेत तिसरीत होती. दुबईत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांची वाण नाही. इंडियन हायस्कूल तर १९६१ पासून चालू आहे, आणि आमच्या ओळखीतील बऱ्याच मराठी कुटुंबांची मुले भारतीय शाळांतच जातात. आम्ही ब्रिटिश अभ्यासक्रमाची शाळा निवडली, ती मुख्यतः व्यावहारिक कारणाने. पतीच्या नोकरीमुळे पुढेही देश बदलावा लागण्याची शक्यता होती आणि हा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळा जगातील बहुतेक मोठ्या शहरांत सापडतात.

प्रवेशाच्या वेळी पहिला प्रश्न इयत्तेचा आला. ब्रिटिश पद्धतीत पाच वर्षे पूर्ण झालेले मूल ‘इयर १’मध्ये बसते, त्यामुळे त्यांचा आकडा आपल्या इयत्तेपेक्षा एकाने पुढे असतो. आमच्या शाळेने ३१ ऑगस्ट रोजीचे वय पाहिले, आणि नऊ वर्षे पूर्ण झालेली मुलगी तिसरीनंतर थेट ‘इयर ५’मध्ये, म्हणजे आपल्या चौथीच्या वर्गात, गेली. सांगलीला सासूबाईंना हे कळले तेव्हा, नात एक वर्ष गाळून पुढे गेली की काय, अशी काळजी त्यांना वाटली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भारतातील कार्यालयांचे आणि अमिरातीच्या दूतावासाचे शिक्के घेणे हे काम वेळखाऊ आहे. ते भारत सोडण्यापूर्वीच उरकून घ्यावे. दुबईतील खासगी शाळांवर केएचडीए या सरकारी संस्थेची देखरेख असते आणि तिचे तपासणी अहवाल कोणालाही वाचता येतात. आम्ही ते वाचले. शाळेच्या माहितीपत्रकापेक्षा त्यांचा उपयोग अधिक झाला.

प्रवेशापूर्वी मुलीला ‘कॅट फोर’ ही चाचणी द्यावी लागली. तीत शिकलेल्या धड्यांवर प्रश्न नसतात. शब्द, संख्या, आकृत्या आणि अवकाशातील रचना या चार अंगांनी मूल विचार कसा करते, ते पाहिले जाते. गुण वयानुसार ठरतात आणि १०० हा सरासरीचा आकडा असतो. मुलीचे संख्यांचे गुण चांगले होते, शब्दांचे सरासरीच्या थोडे खाली होते. शिक्षिकेने आम्हाला भेटून सांगितले की पहिल्या सत्रात तिच्या वाचनाकडे अधिक लक्ष दिले जाईल, आणि खरोखरच रोज संध्याकाळी वीस मिनिटे मोठ्याने वाचन करवून वाचन-नोंदवहीत सही करण्याचे काम आमच्याकडे आले.

शाळा सुरू झाली आणि पाठ्यपुस्तके आलीच नाहीत. पुण्यात जूनमध्ये पुस्तकांना कव्हरे घालण्यात एक अख्खा रविवार जात असे. इथे प्रत्येक विषयाच्या घटकासाठी ‘नॉलेज ऑर्गनायझर’ नावाचा एकच कागद मिळाला. त्यावर त्या घटकातील महत्त्वाचे शब्द, व्याख्या, सनावळ्या आणि एखादी आकृती असते, आणि तो मुलांनी पाठ करावा अशी अपेक्षा असते. पाठ करावा, हे मी मुद्दाम लिहिते आहे. आधुनिक, सर्जनशील शाळा म्हणजे पाठांतराला सुट्टी, अशी समजूत आपल्याकडे सर्रास आढळते. या शाळेत पाठांतर होते, काटेकोर होते, आणि तासाच्या सुरुवातीला पाच-सहा प्रश्नांची छोटी चाचणी घेऊन ते तपासलेही जात होते. मात्र त्या चाचणीचे गुण प्रगतिपुस्तकात जात नसत, त्यामुळे तिची धास्ती कोणाला वाटत नसे.

या पाठांतराचे पुढे काय होते, ते मला इंग्रजीच्या तासांमुळे उमगले. इंग्लंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ पाय कॉर्बेट यांनी रुजवलेली ‘टॉक फॉर रायटिंग’ ही पद्धत या शाळेत वापरतात. शिक्षिका एक छोटी गोष्ट निवडते, आणि मुले ती हातवाऱ्यांसह, चित्रांच्या नकाशाच्या आधाराने, शब्दशः तोंडपाठ करतात. ओस पडलेल्या दीपगृहाची एक गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा म्हटली गेली की मलाही ती पाठ झाली. गोष्ट तोंडात बसल्यावर तिचे तुकडे पाडून चौकटीत मांडतात: सुरुवात कशी झाली, धोक्याची चाहूल कुठे लागली, सुटका कशी झाली. मग सांगाडा तोच ठेवून स्थळ आणि पात्रे बदलायची. मुलीने दीपगृहाच्या जागी सांगलीच्या घरामागचा जुना आड आणला. शेवटी सगळा आधार सोडून स्वतःची गोष्ट लिहायची. व्याकरणही याच ओघात येते. वाक्याच्या आरंभी स्थळकाळ दाखवणारा शब्दसमूह आणून त्यापुढे स्वल्पविराम द्यायचा, हा नियम तिला आधी त्या पाठ केलेल्या गोष्टीत सापडला आणि नंतर फळ्यावर शिकवला गेला. पहिला मसुदा झाला की मुले जांभळ्या शाईने स्वतःच्याच लेखनात दुरुस्त्या करतात. त्या जांभळ्या खुणा मला शिक्षिकेच्या शेऱ्यापेक्षा अधिक बोलक्या वाटत, कारण आपल्या वाक्यात काय कमी आहे ते मुलीला स्वतःला दिसू लागल्याचा तो पुरावा होता.

आम्ही लहानपणी मनाचे श्लोक पाठ केले, कविता पाठ केल्या, आणि त्या पाठांतराने कानावर चांगल्या भाषेचे संस्कार झाले, हे मी कृतज्ञतेने मानते. परंतु त्यातली लय घेऊन चार ओळी स्वतः लिहून पाहा, असे आम्हाला शाळेत कोणी सांगितले नाही. आमच्यासाठी पाठांतराचा प्रवास उत्तरपत्रिकेपाशी संपत असे. इथे मुलीच्या लेखनाची सुरुवातच त्यातून होत होती.

गणितातही हेच दिसले. इंग्लंडच्या अभ्यासक्रमानुसार इयर ४ संपेपर्यंत बारापर्यंतचे पाढे आले पाहिजेत, आणि तिथल्या सरकारी अनुदानित शाळांत त्यासाठी २५ प्रश्नांची, प्रत्येक प्रश्नाला सहा सेकंद देणारी चाचणी संगणकावर घेतली जाते. पुण्याच्या शाळेमुळे मुलीचे पाढे पक्के होते. तिला अवघड गेल्या त्या आडव्या पट्ट्या. पेटीतील आंब्यांपैकी तीन पंचमांश पिकले आहेत आणि १८ कच्चे आहेत, तर एकूण आंबे किती, असे गणित आले की समीकरण मांडण्याऐवजी एक लांब पट्टी काढून तिचे पाच समान भाग करायचे. दोन भाग म्हणजे १८, एक भाग ९, पाच भाग ४५. उत्तर आल्यावरही ते बरोबर का आहे, हे पूर्ण वाक्यात लिहावे लागे, आणि त्याचा तिला सुरुवातीला फार कंटाळा येत असे. त्याच सुमारास अपूर्णांक आणि पूर्णांक यांचा गुणाकार सुरू झाला. सासूबाईंनी फोनवर तिला दिडकी शिकवली: बे दीडे तीन, तीन दीडे साडेचार. पावकी, निमकी, दिडकी आपल्या जुन्या शाळांत मुखोद्गत करून घेत, ती वर्गात मांडायला शिक्षिकेने तिला फळ्यापाशी बोलावले, आणि मुलांनी प्रत्येक ओळीची पट्टी काढून ती पडताळून पाहिली.

इतिहासाच्या घटकाने मात्र मला सर्वांत अधिक आनंद दिला. इंग्लंडच्या प्राथमिक अभ्यासक्रमात युरोपबाहेरील एक समाज अभ्यासायचा असतो आणि इसवी सन ९०० च्या सुमाराचे बगदाद हा त्यातील एक पर्याय आहे. आधी कागद पाठ झाला: ७६२ साली खलिफा अल-मन्सूरने शहर वसवले, १२५८ साली मंगोलांनी ते उद्ध्वस्त केले, भारतीय अंकपद्धतीवर गणितज्ञ अल-ख्वारिझ्मीने ग्रंथ लिहिला. मग शारजाच्या इस्लामी संस्कृतीच्या संग्रहालयात सहल गेली आणि मुलांनी ग्रहताऱ्यांचे वेध घेणारी जुनी उपकरणे पाहिली. त्यानंतर वर्गात एक-एक मूल व्यापारी, अनुवादक किंवा वैद्य होऊन खुर्चीत बसले आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारले. मुलगी अनुवादक झाली होती. भारतातून आलेले अंक तुम्हाला रोमन अंकांपेक्षा सोयीचे का वाटले, हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आणि उत्तर देणाऱ्या मुलीला सनावळी व संज्ञा आधीच ठाऊक होत्या, म्हणून तो संवाद रंगला. ते ज्ञान नसते तर केवळ वेषभूषेचा कार्यक्रम झाला असता.

तसे कार्यक्रम शाळेत झालेच नाहीत असे नाही. घरून करून आणायच्या काही प्रतिकृतींत पुठ्ठा, रंग आणि पालकांची रात्र खर्ची पडली. त्यातून मुलीच्या पदरात फारसे काही पडले नाही, आणि पालकसभेत मी तसे स्पष्ट सांगितले. दहा मिनिटांच्या त्या भेटीत टक्के आणि क्रमांक यांचा उल्लेख नसतो. अपेक्षेपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर, अपेक्षेप्रमाणे, किंवा त्याहून सखोल, अशा तीनच पायऱ्या प्रत्येक विषयासमोर असतात, आणि वर्गातील इतर मुले कुठे आहेत ते सांगत नाहीत. याची सवय व्हायला आम्हा दोघांना बराच काळ लागला.

इंग्लंडमध्येही पाठांतर आणि कृतीतून शिक्षण या दोन प्रवाहांचा मेळ सहज बसलेला नाही. १९६७ च्या प्लाउडन अहवालाने प्राथमिक शिक्षणात मुलाला आणि त्याच्या कुतूहलाला मध्यभागी आणले. १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, आणि २०१४ पासून लागू झालेल्या त्याच्या नव्या आवृत्तीत व्याकरण, पाढे आणि शब्दलेखन यांवर पुन्हा भर आला. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केलेले बालशिक्षणाचे काम ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला कृतीतून शिक्षण हा विचार परका वाटणार नाही. आपल्याकडे तो बालवाडीच्या उंबऱ्यापाशी अडला, याची खंत मला इथे प्रकर्षाने वाटली.

अशा शाळेचा विचार करणाऱ्या पालकांनी शाळा पाहायला जाताना जलतरण तलाव आणि रंगीत भिंती दाखवल्या जातील तेव्हा त्या अवश्य पाहाव्यात, पण त्यानंतर इयर ४ किंवा ५ मधील एखाद्या मध्यम मुलाची लेखनाची वही पाहायला मागावी. एकाच मजकुराचे दोन मसुदे तीत आहेत का, दुसरा पहिल्यापेक्षा सुधारला आहे का, आणि ती सुधारणा मुलाच्या हातची आहे का, हे पाहावे. वही दाखवायला शाळेने आढेवेढे घेतले तर दुसरी शाळा पाहावी.