'हार्ड टिकेट टू हवाई' आणि त्याला हसणारे प्रेक्षक

अँडी सिडारिस या अमेरिकी दिग्दर्शकाचा १९८७ सालचा 'हार्ड टिकेट टू हवाई' ज्याने पाहिला आहे, त्याच्याशी त्याविषयी बोलू लागले की पहिले वाक्य बहुधा सापाचे असते. कर्करोगाने ग्रासलेल्या उंदरांमधील विषारी द्रव्यांची बाधा झालेला तो अजस्र साप पेट्यांच्या घोटाळ्यात हवाईच्या मोलोकाई बेटावर मोकळा सुटतो आणि अखेरीस संडासाच्या भांड्यातून उसळून वर येतो. दुसरे वाक्य स्केटबोर्डवरच्या मारेकऱ्याचे, तिसरे कडेला धारदार पाती बसवलेल्या फ्रिसबीचे, आणि मग बोलणारा थोडा संकोचून किंवा मुळीच न संकोचता नग्नदृश्यांकडे वळतो. निकाल ठरलेलाच असतो: चित्रपट इतका वाईट आहे की पाहायला धमाल येते, चार मित्र जमवा, डोके बाजूला ठेवा आणि पोट धरून हसा.

हा निकाल मला अपुरा वाटतो. चित्रपट थोर आहे असा माझा दावा नाही. पटकथेत ठिगळे आहेत, संवाद कित्येकदा पाठ करून म्हटल्यासारखे येतात, आणि कथेतले दोन धागे एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. पण कमी पैशांत केलेल्या चित्रपटाचा दोष दाखवताना तो दोष कुठून आला हे पाहायला हवे. काही दोष खिशातून येतात, काही हाताला सराव नसल्यामुळे येतात, आणि काही गोष्टी दिग्दर्शकाने मुद्दाम तशाच ठेवलेल्या असतात, ज्यांना दोष म्हणणेच चुकीचे ठरते. हसणाऱ्या प्रेक्षकाचे मत हा निवाडा करत नाही. तो सगळ्यालाच एका मापाने मोजतो आणि त्यामुळे ज्या जागी दिग्दर्शकाने त्याला हसवले, तिथेही आपणच दिग्दर्शकाला हसलो असे समजून बसतो.

कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. डोना आणि टॅरिन या दोन तरुणी हवाई बेटांमध्ये छोट्या मालवाहू विमानाची सेवा चालवतात. डोना प्रत्यक्षात सरकारी गुप्तहेर आहे आणि टॅरिन साक्षीदार म्हणून संरक्षणाखाली राहते. सेथ रोमेरो या अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यासाठी दूरनियंत्रकावर चालणाऱ्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरमधून आलेले हिरे त्यांच्या हाती लागतात, आणि तिथून पाठलाग सुरू होतो. डोनाची भूमिका डोना स्पीअरने आणि टॅरिनची होप मरी कार्ल्टनने केली आहे. दोघीही त्याआधी 'प्लेबॉय' मासिकाच्या मानकरी मॉडेल होत्या, आणि सिडारिसच्या नायिकांची निवड बहुतांशी तिथूनच होत असे. नायक राउडी अ‍ॅबिलीन झालेला रॉन मॉस आपल्याकडच्या एका पिढीला वेगळ्या नावाने ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात केबल आली तेव्हा स्टार प्लसवर 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' ही मालिका ज्यांनी पाहिली, त्यांना रिज फॉरेस्टर आठवेल. तोच हा अभिनेता, आणि ती मालिकाही अमेरिकेत १९८७ सालीच सुरू झाली.

सिडारिसच्या या चित्रपटांविषयी मत देताना त्याचा आधीचा व्यवसाय लक्षात घेणे मला आवश्यक वाटते, आणि नेमके तेच बहुतेक मतांमध्ये गळून पडते. हा माणूस चित्रपट काढायला लागण्यापूर्वी अनेक वर्षे एबीसी वाहिनीसाठी खेळांचे थेट प्रक्षेपण दिग्दर्शित करत होता आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकच्या प्रक्षेपणासाठी त्याला एमी हा अमेरिकी दूरचित्रवाणीचा मानाचा पुरस्कार मिळाला होता. म्हणजे कॅमेरा कुठे ठेवावा, धावत्या माणसाला चौकटीत कसे धरावे, दहा ठिकाणची चित्रे समोर असताना कोणते निवडावे, हे त्याला उत्तम कळत होते. त्याच क्षेत्रात त्याची आणखी एक ख्याती होती: सामना चालू असताना प्रेक्षागारातल्या किंवा मैदानाकडेच्या देखण्या तरुणींवर कॅमेरा नेण्याची पद्धत रूढ करणाऱ्यांमध्ये त्याचे नाव पहिल्यांदा घेतले जाते. पुढे पत्नी अर्लीन निर्माती आणि तो लेखक-दिग्दर्शक अशा घरच्या कारभारातून त्याने १९८५ च्या 'मालिबू एक्सप्रेस'पासून १९९८ च्या 'रिटर्न टू सॅव्हेज बीच'पर्यंत बारा चित्रपटांची एक सैलसर मालिका उभी केली. मधले दोन त्यांचा मुलगा ख्रिश्चन ड्र्यू सिडारिस याने दिग्दर्शित केले. हे चित्रपट मुख्यतः व्हिडिओ कॅसेटवर आणि रात्री उशिराच्या केबलवर पाहिले गेले.

आता तो स्केटबोर्डचा प्रसंग बारकाईने पाहू. राउडी आणि त्याचा सहकारी जेड जीपमधून चालले आहेत. समोरून उतारावर एक माणूस स्केटबोर्डवर हात टेकून, पाय वर करून येतो, आणि त्याच्याजवळ हवा भरलेली एक रबरी बाहुली आहे. तो मारेकरी निघतो. जीप मागे येऊन त्याला उडवते, तो हवेत असतानाच राउडी बाझूका, म्हणजे खांद्यावरून चालवायची तोफ, डागतो आणि माणसाच्या ठिकऱ्या उडतात. एवढ्यावर प्रसंग थांबायला हरकत नव्हती, पण राउडी दुसरा गोळा भरतो आणि त्या बाहुलीलाही उडवतो. चकित झालेला प्रेक्षक म्हणतो, हे लिहिणाऱ्याचे डोके ठिकाणावर होते का? माझे म्हणणे असे की त्या दुसऱ्या गोळ्यातच उत्तर आहे. अजाणतेपणी हास्यास्पद ठरलेल्या दृश्यात दुसरा गोळा नसतो. स्फोटकांवर पैसा जातो, एकेक स्फोट मोजून करावा लागतो, आणि मोजक्या पैशांत काम करणारा दिग्दर्शक एक आख्खा स्फोट रबरी बाहुलीवर खर्च करतो तो विनोदाची शेवटची तान घेण्यासाठीच.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट ठेवता येते, जी मालिकेतले दोन-तीन चित्रपट सलग पाहणाऱ्याच्या लक्षात येतेच. या चित्रपटांतल्या अ‍ॅबिलीन घराण्याच्या पुरुषांचा नेम अत्यंत वाईट आहे. 'मालिबू एक्सप्रेस'मधला कोडी, 'हार्ड टिकेट'मधला राउडी आणि 'पिकासो ट्रिगर'मधला ट्रॅव्हिस हे तिघे दिसायला रुबाबदार आणि नेमबाजीत ढ. पिस्तुलाने जमत नाही म्हणूनच राउडी बाझूकाकडे वळतो. नायिका मात्र शांतपणे निशाणा साधतात, विमान चालवतात आणि पुढचा बेत ठरवतात. ज्या दशकात रॅम्बोछाप नायक एकट्याने पलटणी गारद करत होते, त्याच दशकात हा दिग्दर्शक आपल्या नायकाच्या मर्दानीपणाची अशी सौम्य थट्टा करत होता. तो आपल्या चित्रपटांकडे कोणत्या नजरेने पाहत असे, हे त्यांच्या डीव्हीडी निघाल्या तेव्हा त्याने स्वतः समोर येऊन हसतखेळत केलेल्या प्रास्ताविकांतूनही कळते. २००७ साली तो गेला. त्यानंतरच्या प्रेक्षकांनी ही खूण अधिक मनावर घ्यायला हवी होती.

सापाची गोष्ट मात्र निराळी आहे. तो बाहुलीचा साप आहे हे पहिल्या झटक्यात कळते, त्याच्या हालचालीत जीव नाही, आणि इथे खिसा रिकामा होता एवढेच म्हणता येते. राउडी मोटारसायकलसह भिंत फोडून घरात शिरतो आणि सापावर बाझूका चालवतो, हा शेवट धमाल आहे हे मलाही मान्य आहे. पण साप ज्या तऱ्हेने कथेत येतो-जातो ती पटकथेची हेळसांड आहे. हिऱ्यांची चोरी आणि साप यांचा सांधा शेवटपर्यंत जुळत नाही. सापावरून चित्रपटाची टर उडवणाऱ्यांशी मी भांडणार नाही.

नग्नतेविषयीची मते अधिक गंभीरपणे घ्यावी लागतात, कारण तिथे प्रेक्षकांमध्ये खरी फूट आहे. एक पक्ष म्हणतो की या स्त्रिया पटकथेत कितीही कर्तबगार असल्या, तरी कॅमेरा त्यांना मासिकाच्या पानासारखाच पाहतो. गुप्त बैठक गरम पाण्याच्या हौदात भरते, महत्त्वाची चर्चा कपडे बदलताना होते, आणि या योगायोगांना कथेत काहीही कारण नसते. दुसरा पक्ष म्हणतो की इथली मादकता निर्मळ आहे. स्त्रिया आपल्या मर्जीने प्रेम करतात, त्याबद्दल कथा त्यांना शिक्षा करत नाही, आणि त्याच काळातल्या कित्येक स्वस्त थरारपटांत लैंगिक जबरदस्ती जशी चवीने दाखवली जाई तशी ती इथे दाखवली जात नाही. मला दोन्ही बाजूंचे निरीक्षण बरोबर वाटते आणि दुसऱ्या पक्षाचा निष्कर्ष तेवढा घाईचा वाटतो. मैदानाकडेच्या तरुणीवर जाऊन थांबणारा कॅमेरा आणि डोना-टॅरिनवर रेंगाळणारा कॅमेरा एकाच माणसाचा आहे. त्याला स्त्रियांबद्दल आकस नाही, कौतुक आहे, पण त्या कौतुकात समोरच्या व्यक्तीला काय वाटते याची विचारपूस नाही. हा दोष पैशांनी भरून निघाला नसता. अर्लीन सिडारिस या सगळ्या कामात बरोबरीने होत्या याचा दाखला अनेक जण देतात, आणि तो महत्त्वाचाही आहे. तरी निर्माती स्त्री असल्याने पडद्यावरची नजर आपोआप बदलते असे मानता येत नाही.

नायिकांच्या अभिनयावर होणारी टीका मला बरीचशी अन्यायाची वाटते. ज्या मुलींना छायाचित्रासाठी उभे राहण्याचा सराव होता, त्यांना एकदम संवाद, मारामारी आणि विमानाची कॉकपिट यांत आणून बसवले, तेव्हा त्यांच्या आवाजात सपाटपणा आला तर नवल नाही. डोना स्पीअर १९८७ ते १९९३ या काळात सिडारिसच्या सात चित्रपटांत त्याच नावाची नायिका झाली. पहिला आणि सातवा, म्हणजे 'फिट टू किल', जवळजवळ ठेवून पाहिला तर तिच्या वावरण्यात आलेला सहजपणा स्पष्ट दिसतो. तो मिळवण्यासाठी तिला कोणी प्रशिक्षण वर्ग भरवून दिला नव्हता, काम करता करताच ती शिकली, आणि याची दखल फारसे कोणी घेत नाही.

मते बदलण्यामागे चित्रपटाच्या प्रतीचाही मोठा हात आहे. जुन्या कॅसेटवर ज्यांनी हे चित्रपट पाहिले, त्यांनी रंग उडालेले, कडा कापलेले, अंधारे चित्र पाहिले आणि छायाचित्रण भिकार असल्याचे ठरवून टाकले. अलीकडच्या वर्षांत मिल क्रीक या कंपनीने नव्याने स्वच्छ केलेल्या प्रती ब्लू-रेवर आणल्या, आणि मग समुद्राचा निळा, डोंगरांचा ओला हिरवा आणि दुपारच्या उन्हात चमकणारे विमान पहिल्यांदा नीट दिसले. स्टुडिओ उभारायला पैसा नसलेल्या माणसाने हवाईचा फुकटचा प्रकाश किती जाणतेपणाने वापरला आहे, हे त्या प्रतीत लपत नाही. 'पेस्ट' या अमेरिकी मासिकाने २०१४ साली सर्वोत्तम शंभर बी-चित्रपटांची, म्हणजे कमी खर्चात काढलेल्या दुय्यम समजल्या जाणाऱ्या चित्रपटांची, यादी केली तेव्हा 'हार्ड टिकेट टू हवाई'ला पहिला क्रमांक दिला. त्या मानामुळे नवे प्रेक्षक आले खरे, पण येताना ते हसण्याची तयारी करूनच आले.

त्या नव्या प्रेक्षकांना मी मालिकेतला १९८९ चा 'सॅव्हेज बीच' आवर्जून पाहायला सांगेन, आणि माझ्या मते तो 'हार्ड टिकेट'पेक्षा सरस आहे. डोना आणि टॅरिन औषध पोहोचवून परतताना वादळात सापडतात आणि एका निर्जन बेटावर उतरतात. तिथे दुसऱ्या महायुद्धातले सोने पुरलेले आहे, आणि त्याच युद्धातला एक जपानी सैनिक अजूनही राहतो आहे. हिरू ओनोदा हा जपानी अधिकारी १९७४ साली फिलिपिन्सच्या लुबांग बेटावरच्या जंगलातून बाहेर आला, ती खरी घटना तेव्हा पंधरा वर्षांमागचीच होती. हौद, अंगप्रदर्शन आणि गोळीबार इथेही आहेतच, आणि सोन्यामागे लागलेल्या टोळ्यांची भाऊगर्दी नको तेवढी झाली आहे. पण तो सैनिक पडद्यावर येतो तेव्हा सिडारिस विनोद बाजूला ठेवतो, कॅमेरा त्या माणसाच्या चेहऱ्यावर थांबतो, आणि नायिकाही त्याच्याशी शत्रूसारख्या वागत नाहीत. पैसा तेवढाच, नटसंच बराचसा तोच, दिग्दर्शकही तोच. चार मित्र जमवून पाहिलेल्या 'सॅव्हेज बीच'मध्ये या जागी खोलीतले हसू थांबते, असा माझा अनुभव आहे, आणि त्यानंतर सिडारिसविषयी होणारी चर्चा सापाने सुरू होत नाही.