कॅल्गरीतला सेन्सर, नाशिकचा उन्हाळा

इथे कॅल्गरीत घरात चोर-अलार्मचा मोशन सेन्सर (हालचाल टिपणारं यंत्र) बसवताना सगळ्यांना एकच धास्ती असते, हीटिंगच्या गरम हवेची. बाहेर उणे वीस, आत फर्नेस सुरू झाली की जमिनीतल्या जाळीतून गरम झोत उठतो. सेन्सर नेमका त्याच्या वाटेत असेल तर रिकाम्या घरात भोंगा वाजू शकतो. कॅनडातल्या बऱ्याच शहरांत असे खोटे अलार्म वारंवार झाले की दंड भरावा लागतो, त्यामुळे लोक जागा फार विचार करून निवडतात. मे महिन्यात नाशिकमधल्या इंदिरानगरला आई-बाबांकडे सेन्सर बसवला, तेव्हा विचार तोच, पण पेच अगदी वेगळे निघाले.

हा सेन्सर स्वतः काही सोडत नाही, अंगातून निघणारी उष्णता फक्त टिपतो. पुढचं प्लास्टिकचं भिंग खोलीचे पट्टे पाडतं आणि माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की आतल्या दोन तुकड्यांवर पडणारी उष्णता बदलते. म्हणून आडवं जाणारं माणूस त्याला लगेच कळतं, सरळ अंगावर चालत येणारं उशिरा. इलेक्ट्रिशियनदादा दाराच्या बरोबर समोर ड्रिल लावत होते. मी दाराच्या बाजूचा कोपरा दाखवला, जमिनीपासून सात-साडेसात फुटांवर. वायरचं भोक सिलिकॉनने बुजवून घेतलं, कारण आत मुंग्या किंवा पालीचं पिल्लू शिरलं तरी अलार्म वाजू शकतो.

खरा पेच उन्हाचा. माणसाच्या त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ अंश. पश्चिमेची भिंत तेवढीच तापली की सेन्सरला भिंत आणि माणूस यांत फारसा फरक उरत नाही. तापमानाप्रमाणे संवेदनशीलता आपोआप वाढवणारे सेन्सर मिळतात, घेताना तेवढं नक्की विचारा. आणि चाचणी भर दुपारी घ्या. सकाळच्या गारव्यात तो पास होणारच.

"अरे, या उन्हात?" बाबा म्हणाले, पण उठले. सेन्सर स्थिर व्हायला थोडा वेळ दिला, टेस्ट मोड लावला, पंखा बंद केला. बाबा आधी सावकाश चालले, मग भरभर, मग दिवाणामागून वाकून. दर वेळी लाल दिवा लागतो का ते मी बघत होतो. कपाटाच्या आडोशाला तो लागेना, म्हणून कपाटच सरकवलं.

सगळ्यात मोलाचा प्रश्न आईने विचारला. "नवरात्रात घटापुढे अखंड दिवा असतो आणि आपण वणीला जातो. मग रे?" हलती ज्योत सेन्सरला खरंच फसवू शकते. देवघराकडचे पट्टे भिंगाच्या आतून झाकून टाकले, समई लावून पुन्हा चाचणी घेतली. दिव्यात तेल घालायला शेजारच्या काकू येतात, त्यांना अलार्म बंद करायचा कोड शिकवला आणि दार उघडल्यावर तो दाबायला ३० सेकंदांची सवड ठेवली.