ओडेसावरून गेलेले टॉवेल

आमचे टॉवेल एरवी न्हावा शेवाहून बोटीनं जातात. या वेळी डाइंगमध्ये शेड जुळेना, बोटीची तारीख हुकली आणि माल विमानानं पाठवायची वेळ आली. भाडं अर्थात आमच्याच माथी. टॉवेलची पेटी हलकी पण फुगीर, आणि विमानवाले घनमीटरमागे किमान १६७ किलो धरून पैसे लावतात. ते बिल बघून मालक आधीच तापलेले, त्यात जर्मन पार्टीचा तक्ता आला: वाहतुकीचा कार्बन हिशेब द्या, टन-किलोमीटरमध्ये, म्हणजे मालाचे टन गुणिले गेलेले किलोमीटर. इथं मात्र वजन काट्यावरचं, फुगीर नाही.

अंतरासाठी मालकांनी भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली. ज्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं तोच हा नकाशा. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. मी एक्सेल उघडलं. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, फ्रँकफर्ट ५०.०३ उत्तर, ८.५७ पूर्व. आमच्या एमबीए झालेल्या नव्या साहेबांनी अंश तसेच अंतराच्या सूत्रात घातले होते. एक्सेलच्या साइन-कोसाइनला रेडियन लागतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. रेडियन करून घेतल्यावर पृथ्वीच्या मध्यातून कोन आला साधारण ५९ अंश. तो रेडियनमध्ये, गुणिले पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणजे ६,५७० च्या आसपास. युरोपच्या हिशेबात त्यावर सरसकट ९५ किलोमीटर चढवतात, विमानाच्या घिरट्या आणि वळणांपोटी.

मालक खूश. मी एअरवे बिल, म्हणजे विमानानं गेलेल्या मालाची पावती, काढलं, तर माल दोहामार्गे गेलेला. विमानात माल बुक करून देणारा फॉरवर्डर शेवटपर्यंत "डायरेक्टच आहे मॅडम" म्हणत होता. आता दोन टप्पे: मुंबई-दोहा २,२९०, दोहा-फ्रँकफर्ट ४,५९०, आणि ९५ दोनदा. ७,०७० झाले. डायरेक्टपेक्षा ४०० जास्त, म्हणजे सोलापूर-मुंबई रस्ता पुन्हा एकदा.

"डायरेक्टचाच आकडा टाका की," मालक म्हणाले. "वर कोण मोजायला गेलंय?"

त्यावर मी तो डायरेक्टचा रस्ता काढून बघितला. सर्वात जवळची रेषा मुंबईहून कराचीच्या आसपासून, इराणवरून, काळ्या समुद्रावरून थेट ओडेसाजवळ निघते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी आणि मालवाहू विमानांना बंद आहे, आणि भारतीय विमानांना पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये बंदी घातली. म्हणजे ज्या रेषेवरून डायरेक्ट विमानही जाणार नाही, ती कागदावर चालते. पार्टीला दोन्ही विमानतळ कळले की पुरे, मधलं युद्ध त्या ९५ किलोमीटरमध्ये बसवायचं. ही अक्कल कुणाची, देव जाणे. पण एअरवे बिलावर दोहा छापलेलं असताना तक्त्यात डायरेक्ट लिहायला माझा हात धजेना. ७,०७० लिहिले, दोन्ही टप्पे वेगळे दाखवून, आणि खाली सही माझी.

पार्टीनं आकडा घेतला. उलट विचारलं, सोलापूरहून गेलेला ट्रक परत रिकामा आला का? ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावला तर तो हसायलाच लागला, "रिकामा आणला तर मी जेवू काय ओ मॅडम?"

मालकांनी आता फर्मान काढलंय, पुढच्या वेळी डायरेक्ट. फॉरवर्डरकडं भाव मागितलाय. अजून आलेला नाही.