तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोवरून स्पंज ओळखता येतो का?

डायव्हिंग करून आलेली मुंबईतली मंडळी मला फोटो पाठवतात आणि विचारतात, ‘हा खडकाला चिकटलेला केशरी स्पंज कुठल्या जातीचा?’ फोटोवरून सांगता येणार नाही, असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘एवढा स्पष्ट फोटो आहे, तरी?’

हो, तरीही. स्पंज हा समुद्रात एका जागी चिकटून राहणारा प्राणी. खडकावर थरासारख्या पसरणाऱ्या स्पंजाला स्वतःचा आकारच नसतो. जाडी जेमतेम काही मिलिमीटर. उरतो रंग, आणि त्याचा भरवसा नाही. स्पायरास्ट्रेला आणि क्लॅथ्रिया हे स्पंजांचे दोन गट, दोन्हींत केशरी-लाल पसरट जाती आहेत, दोन्हींवर शिरांसारख्या नाल्या दिसतात, पण वर्गीकरणात त्यांचे गणसुद्धा (मोठे विभागसुद्धा) वेगळे. खोल प्रवाळात, म्हणजे साधारण ३० ते १५० मीटरवर, लाल प्रकाश पोचतच नाही. फ्लॅश नसेल तर लालभडक स्पंजही काळपट दिसतो.

नाव ठरतं आतल्या सांगाड्यावरून. बहुतेक स्पंजांच्या अंगात सिलिकाच्या सूक्ष्म सुया असतात, त्यांना स्पिक्यूल म्हणतात. इवलासा तुकडा काचपट्टीवर ठेवून ब्लीचचे थेंब टाकले की बारीक फेस येतो, मऊ भाग विरघळतो आणि पांढुरका गाळ उरतो. तो धुऊन मायक्रोस्कोपखाली धरला की टाचण्यांसारख्या, एका टोकाला गोल डोकं असलेल्या सुया काही स्पंजांत दिसतात. त्यांच्यात नागमोडी, काटेरी, अगदी बारीक, स्पायरास्टर नावाचे स्पिक्यूल सापडले, तर रोख स्पायरास्ट्रेलाकडे. क्लॅथ्रियात ते नसतात.

पण गाळात सगळ्या सुया एकत्र होतात. त्या अंगात कशा उभ्या होत्या ते कळत नाही. म्हणून दगडाच्या कपच्यासकट दुसरा तुकडा घेऊन उभा काप काढायचा. पातळ थरात पुष्कळदा सुयांची डोकी खडकावर टेकलेली आणि टोकं वर असतात. हा काप वेळखाऊ आहे, म्हणून टाळला जातो. माझ्या मते तो टाळून दिलेलं नाव अर्धंच. डीएनएची मदत होते, पण स्पंजात राहणाऱ्या जिवाणूंचा डीएनएही सोबत येतो, आणि ताडून पाहायला नीट ओळखलेला नमुना लागतोच.

अंदाजाने नाव द्यायला मी इतकी का कचरते? टर्पिओस होशिनोटा हा करडा-काळा स्पंज जिवंत प्रवाळावर पसरून त्याला मारतो. भारत आणि श्रीलंकेच्या मधल्या पाल्कच्या उपसागरात त्याची नोंद आहे. दिसेल त्या काळपट थराला हे नाव चिकटवलं, तर जिथे तो खरंच पसरतोय तिथली हाक कुणाला ऐकू येणार नाही.

तुम्ही मात्र फोटो पाठवत राहा. जागा, खोली, फ्लॅश होता का, स्पंज कशावर वाढलाय हे लिहा, शेजारी पट्टी धरून एक फोटो घ्या आणि पाणी बाहेर टाकणाऱ्या छिद्रांचा एक जवळून. तुकडा खरवडू नका. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. नमुना रीतसर परवानगी असलेल्यांनीच घ्यायचा.