महिन्याचं बोला की मॅडम

"एकूण कशाला काढताय मॅडम, महिन्याचं बोला की!" शोरूमचा पोरगा हसत म्हणाला आणि टेबलावरचा कॅल्क्युलेटर हळूच स्वतःकडं ओढून घेतला.

पहिलीच गाडी, ती पण लीजवर, म्हणजे ठरलेल्या मुदतीसाठी महिन्याच्या भाड्यानं. भाडं हजारानं कमी करतो म्हणाला, चहा पण मागवला. मी एवढंच विचारलं की ४८ महिन्यांचे मिळून किती होतात आणि किलोमीटर जास्त पळाले तर किलोमीटरमागं काय लावणार, कारण कोल्हापूर-पुणे जाऊन-येऊनच साडेचारशेच्या वर जातंय.

तेव्हा कळलं, हजार कमी केले ते वर्षाला गाडी पळवायची किलोमीटरची मर्यादा १५ हजारांवरनं १२ हजारांवर आणून! बारीक अक्षरात. वर जीएसटी वेगळा, आणि मुदत संपली की गाडी त्यांचीच.

सोबत आलेले आमचे मामा लक्ष्मीपुरीच्या बाजारात कोथिंबिरीच्या पेंडीसाठी पाच रुपयांवरनं भांडतात, इथं मात्र एसीत गप्प. शेवटी मीच कमी भाडं आणि १५ हजार किलोमीटर, दोन्ही लिहून घेतलं.

पण ते वाक्य काय डोक्यातनं जाईना. मोबाईल, फ्रीज, आता गाडी, सगळं महिन्यातच सांगत्यात आणि एकूण विचारणारा भांडखोर ठरतो.

बरं, कुणी लीजची गाडी परत दिलीय का? ओरखड्यांचे पैसे कापतात का ओ?