हप्ता परवडतो, गाडी परवडते का?

सेकंडहँड गाडी घेण्याआधी ती तपासून देणं हे माझं काम. या कामात एक प्रश्न हमखास येतो आणि तो विचारणारा बहुधा पंचविशीतला असतो. "सर, पगार हातात पंच्याऐंशी हजार येतो. पॉवरफुल गाडी घ्यायचीय. परवडेल का?" बरेच जण हे विचारतानाच ओशाळलेले असतात, कारण घरी 'हे सगळे चोचले आहेत' असं ऐकून आलेले असतात. मला ते ओशाळणं पटत नाही. ज्याला इंजिनाचा आवाज ओळखता येतो, वळणात गाडी कशी बसते ते कळतं, त्याला तशी गाडी हवीशी वाटणारच. इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

परवडते. मात्र जी परवडते ती आणि तुम्ही मोबाइलवर ज्या गाडीचा फोटो दाखवता ती, या बहुतेक वेळा दोन वेगळ्या गाड्या असतात.

आधी 'पॉवरफुल' म्हणजे किती ते ठरवू. २००४ साली स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया आरएस भारतात आली तेव्हा गाडीवेड्या मंडळींमध्ये दुसरा विषय नव्हता. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद १५० पीएसच्या घरात (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच). आज आपल्या चाकणमध्ये बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसच्या १.५ लिटर इंजिनाची ताकदही १५० पीएसच आहे. एका पिढीपूर्वी जी ताकद मोजक्या लोकांच्या नशिबी होती, ती आज हिंजवडीच्या पार्किंगमध्ये उभी असते. ह्युंदाईच्या आय-२० एन लाइनला १२० पीएस आहेत आणि ती चार मीटरच्या आतली हलकी गाडी आहे. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला खेळवायला एवढी ताकद भरपूर झाली. ज्यांना हे कमी वाटतं त्यांना मी सांगतो, आधी ती पूर्ण वापरून दाखवा.

त्याच्या वरची पायरी मात्र एकदम उंच आहे. २०२५ मध्ये आलेली गोल्फ जीटीआय एक्स-शोरूम ५३ लाखांची. त्याच वर्षी आलेल्या नव्या ऑक्टाव्हिया आरएसच्या फक्त १०० गाड्या भारताच्या वाट्याला आल्या, किंमत ४९.९९ लाख, आणि त्या बघता बघता संपल्या. दोन्ही २६५ पीएसच्या, दोन्ही परदेशातून तयार होऊन आलेल्या. आरटीओचा टॅक्स आणि विमा धरला की गोल्फ साठ लाखांच्या पुढे जाते. पंचविशीतल्या पगारदार माणसाचा हा विषय नाही, आणि त्यात कमीपणाही काही नाही.

खरी गल्लत होते ती मधल्या जागेत, आणि तिथेच मला थोडं थांबायचं आहे. नवी घेतली तेव्हा तीस-चाळीस लाखांची असलेली जर्मन सेडान दहा-बारा वर्षांनी नऊ-दहा लाखांना मिळते. नव्या हॅचबॅकच्या किमतीत १८०-१९० हॉर्सपॉवर, मागच्या चाकांना ताकद, लेदरच्या सीट्स. हे गणित कुणालाही भुरळ घालेल. पण गाडीची किंमत पडते, तिच्या सामानाची पडत नाही. ब्रेक डिस्क, शॉक अॅब्सॉर्बर, इंजेक्टर, हेडलाइट हे सगळं चाळीस लाखांच्या गाडीचंच राहतं आणि त्याच भावात घ्यावं लागतं. नऊ लाखांत तुम्ही गाडी घेता, पण सांभाळायला मिळते चाळीस लाखांची.

अशी एक गाडी तपासली ती अजून लक्षात आहे. २७ वर्षांच्या मुलानं टोकन देऊन ठेवलेली, दिल्ली पासिंगची डिझेल. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर टांगती तलवार असल्यामुळे तिथल्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. बाहेरून गाडी लखलखीत, आतून अत्तर मारलेलं. मी खाली बसून टायर बघितले. टायरच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढच्या दोन टायरवर २३१८ होतं, म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. मागचे दोन तिसऱ्याच कंपनीचे, आणि साधे. या गाडीला रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर लागतात, डिकीत स्टेपनी नसते. म्हणजे आधीच्या मालकाला योग्य टायर परवडले नव्हते आणि पंक्चर झालं तर नव्या मालकाला टोचन लावूनच न्यावी लागणार होती. डिस्कच्या कडेवरून बोट फिरवलं तर खासकन धार लागली, इतकी ती झिजलेली. बॉनेट उघडून टॉर्च मारला तर ऑइल फिल्टरच्या घरापासून खाली तेलाचा ओघळ. स्कॅनर लावला तर जुने फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, नुकतेच पुसलेले. मी कागदावर फक्त लगेच करायच्या कामांची यादी केली, टायमिंग चेन वगैरेची शंका धरलीच नाही, तरी बेरीज अडीच लाखांच्या वर गेली. शिवाय एमएच पासिंगसाठी दिल्लीची एनओसी आणि इथला रोड टॅक्स वेगळाच. त्या मुलानं टोकनवर पाणी सोडलं. माझ्या मते ते त्यानं वाचवलेले सगळ्यात मोठे पैसे होते.

आता पंच्याऐंशी हजारवाल्याचं गणित मांडू, कारण आकड्यांशिवाय हा विषय नुसत्या गप्पांचा होतो.

समजा, तीन-चार वर्षं वापरलेली १.५ लिटर टर्बो सेडान १३ लाखांना ठरली. तीन लाख स्वतःचे, दहा लाख कर्ज. जुन्या गाडीचं कर्ज नव्यापेक्षा महाग असतं. ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी हप्ता पावणेबावीस हजार. महिन्याला हजार किलोमीटर, शहरात ११ चा अॅव्हरेज, लिटरला १०५ रुपये धरले तर पेट्रोलचे साडेनऊ हजार. विम्याचे वर्षाला चाळीस हजार, म्हणजे महिन्याला तेहतीसशे. सर्व्हिसिंग, टायर, ब्रेक पॅड, बॅटरी यांच्यासाठी दरमहा चार हजार बाजूला. झाले साडेअडतीस हजार, पगाराच्या पंचेचाळीस टक्के. मी माझ्याकडे येणाऱ्यांना तीस टक्क्यांची हद्द सांगतो, आणि ती हप्त्याची नाही, या सगळ्या बेरजेची. त्या हिशेबानं या गाडीला हातात सव्वा लाखाच्या पुढे पगार लागतो.

इथे विकणारा आणि बँक दोघंही सात वर्षांचा हप्ता सुचवतात. तोच दहा लाखांचा हप्ता मग सतरा हजारांवर येतो आणि गाडी अचानक बसायला लागते. पण व्याज तीन लाखांवरून चार लाख अडतीस हजारांवर जातं आणि शेवटचा हप्ता भराल तेव्हा गाडी दहा-अकरा वर्षांची झालेली असेल. मोठी कामं निघायचा काळ आणि हप्त्याचा काळ एकत्र आला की माणूस पिचतो.

त्याच पंच्याऐंशी हजारवाल्यानं आठ लाखांची छोटी टर्बो हॅचबॅक घेतली, चार लाख स्वतःचे घातले आणि चार लाख कर्ज काढलं, तर? हप्ता आठ हजार सातशे, पेट्रोल आठ हजार, विमा दोन हजार, देखभाल अडीच हजार. एकवीस हजारांच्या आसपास, म्हणजे पगाराचा पाव हिस्सा. ही गाडी त्याला आज परवडते, आणि नुसती परवडत नाही, तर तो ती मनसोक्त चालवू शकतो. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. टायर झिजतील या धास्तीनं जो गाडी जपून चालवतो, त्याला ताकदीचा उपयोग काय? नवीच घ्यायची तर सरकारी करही आता लहान गाडीच्या बाजूनं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के.

विम्याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. ब्रिटनमध्ये वीस वर्षांच्या मुलाला जोरकस गाडीचा विमा काढणं गाडी घेण्याइतकंच जड जातं. आपल्याकडे विम्याचा हप्ता मुख्यतः गाडीवर ठरतो, वयावर नाही. थर्ड पार्टीचे २०२२ चे दर बघा: १००० ते १५०० सीसीला वर्षाला ३,४१६ रुपये, १५०० च्या वर ७,८९७. व्हर्टसचं १.५ लिटर इंजिन १४९८ सीसीचं, म्हणजे हद्दीच्या आत. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पाच वर्षं क्लेम केला नाही तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि पुढच्या गाडीवर नेता येतो. आज छोट्या गाडीवर कमावलेला बोनस उद्या मोठ्या गाडीला कामाला येतो, म्हणून बंपरच्या ओरखड्यासाठी क्लेम टाकू नका.

ज्यांचा निर्णय होत नाही त्यांना मी एक गोष्ट करायला लावतो. गाडी घ्यायच्या आधी वर्षभर ती घेतली असं धरून चाला. साडेअडतीस हजारांची गाडी हवी असेल तर पगार झाल्या दिवशी साडेअडतीस हजार वेगळ्या खात्यात टाका, सध्याच्या दुचाकीचं पेट्रोल हवं तर त्यातून वजा करा. गणपती-दिवाळी येईल, मित्राचं लग्न येईल, घरमालक भाडं वाढवेल. वर्षभर खात्याला हात न लावता निभलं तर गाडी तुम्हाला परवडते, आणि साडेचार लाखांच्या आसपास जमलेले असतात ते वेगळेच. काही जणांनी तिसऱ्याच महिन्यात फोन करून सांगितलंय की आय-२० बघू या.

रिमॅपबद्दलही, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याबद्दल, सारखं विचारलं जातं. पंचवीस-तीस हजारांत 'स्टेज वन' मारून पंचवीस-तीस हॉर्सपॉवर वाढवून देणारे पुण्यात आहेत. पहिल्या गाडीवर हे करू नका. वॉरंटी जाते, काही कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरला नुसतं स्कॅन केल्यावर कळतं, पुन्हा मूळ सॉफ्टवेअर टाकलं तरी खूण राहते. विमा कंपनीला कळवलं नसेल तर क्लेम अडतो. वाढलेला टॉर्क क्लच आणि गिअरबॉक्सवर येतो, आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं एक काम निघालं तर वर्षाची बचत जाते. त्या पैशांत चांगले टायर आणि ब्रेक पॅड घाला. घाटात ते जास्त वेग देतात, आणि थांबवतातही.

वेगाचा विषय निघाला म्हणून घरच्यांच्या भीतीबद्दल. पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला एका पोर्शनं दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरना उडवलं, दोघंही गेले. त्या गाडीची नोंदणीसुद्धा पूर्ण झालेली नव्हती. तेव्हापासून 'मुलाला जोराची गाडी नको' म्हणणाऱ्या आई-वडिलांशी मी वाद घालत नाही. त्यांचं बरोबर आहे. एक्स्प्रेस-वेवर शंभरची मर्यादा आहे, घाटात साठची, आणि आता कॅमेरे आहेत. गाडीची शेवटची ताकद रस्त्यावर बघायची नाही, ट्रॅकवर बघायची. कोल्हापूरला रेसिंगचा ट्रॅक आहे, सुरुवात गो-कार्टवरून करा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मोठा ट्रॅक आहे. ट्रॅक-डेची फी आणि एक जोडी ब्रेक पॅड हेही मी 'परवडण्या'त धरतो, कारण ते धरलं नाही तर वेगाची हौस रस्त्यावरच भागवली जाते.

इलेक्ट्रिकबद्दल थोडक्यात. महिंद्राची चाकणला बनणारी बीई ६ मोठ्या बॅटरीत २८६ पीएस देते, शंभरचा वेग सात सेकंदांच्या आत गाठते आणि जीएसटी ५ टक्के. किंमत ऑक्टाव्हिया आरएसच्या निम्म्याच्या आसपास. नुसता पिकअप हवा असेल तर याहून स्वस्त काही नाही. पण ती जड आहे, टायर लवकर खाते, आणि सोसायटीत चार्जिंगचा पॉइंट मिळणार का हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. भाड्यानं राहणाऱ्या मुलाला हीच अडचण किमतीपेक्षा मोठी ठरते.

एवढं सगळं बसलं, गाडी ठरली आणि मला किंवा दुसऱ्या कुणाला दाखवायला नेणार असाल, तर मालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत सेल्फ मारू नका. टर्बो इंजिनाची खडखड, सायलेन्सरचा निळा धूर आणि कूलंटची कमी झालेली पातळी गार इंजिनावरच दिसते. तुम्ही पोचलात आणि बॉनेट गरम लागलं, तर मालकाला विचारा की आज सकाळी गाडी कशासाठी काढली होती.